विमान त्यांनी रद्द केलं, मग पैसे आपले ‘शंखात’ का?

रामबागवाला | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. तीन आठवडे डोकं फिरलंय.

पुण्याला भाच्याची मुंज होती. इंदूर-पुणे सकाळच्या विमानाची चार तिकिटं काढली: मी, बायको, आई (वय ७२) आणि मावशी. एकूण २१,६४० रुपये. त्यात चार सीटचे १,२०० आणि तो ‘सुविधा शुल्क’ नावाचा प्रकार १,४००. सुविधा कुठली ते विचारू नका.

मुंजीच्या आदल्या दिवशी सकाळी ७:२०ला उड्डाण. त्याच्या आदल्या रात्री ११:४०ला मेसेज आला: ऑपरेशनल कारणांमुळे उड्डाण रद्द. खाली लिंक. उघडली तर वर हे भलंमोठं हिरवं बटण, ‘क्रेडिट शेल’. त्याखाली मुंगीच्या पावलाएवढ्या करड्या अक्षरांत ‘इतर पर्याय’. बॅगा भरून दारात, आई जागी, मावशी ‘आता कसं रे’ म्हणत हॉलमध्ये येरझाऱ्या घालतेय. बायकोला वाटलं शेल म्हणजे काहीतरी परताव्याचाच प्रकार. दाबलं हिरवं.

पहाटे इनोव्हा केली. १५,५०० अधिक टोल. मुंजीआधीचा ग्रहमखाचा विधी हुकला, संध्याकाळी साडेसहाला पोचलो. आईचे पाय सुजलेले.

आता कंपनी म्हणते, १९,०४० रुपये तुमच्या खात्यात ‘शेल’मध्ये आहेत, आमच्याच विमानाला वापरा. रोख मिळणार नाही, तुम्हीच पर्याय निवडलात. सीटचे आणि सुविधेचे पैसे कापले ते वेगळेच. कॉल सेंटरला नऊ वेळा फोन केला, नऊ वेळा वेगळी व्यक्ती, उत्तर एकच.

प्रश्न दोन. शेलमधले पैसे खात्यात कसे आणायचे? आणि ती टॅक्सीची भरपाई वगैरे काही असते का, की विसरायचं?

पोहे_जिरावण | सोमवार, रात्री १०:५१

भिया, शेल म्हणजे शंख. त्यांनी तुमच्या हातात शंख दिला, आता बसा शंख करत.

मालवी_मावशी | सोमवार, रात्री ११:०५

आईचे पाय आता कसे आहेत ते आधी सांगा. पैशाचं बघता येईल.

रामबागवाला | सोमवार, रात्री ११:०९

बरे आहेत हो मावशी. आई उलट म्हणते सेंधव्याचा घाट किती वर्षांनी पाहिला. तिचं म्हणणं, आपल्या विमानतळाजवळच्या टेकडीवरच्या बिजासनीनं उडू दिलं नाही, पण घाटातल्या बिजासनीनं पार केलं.

निवृत्त_बाबू | मंगळवार, सकाळी ६:२०

प्रवाशांच्या बाजूचे नियम आहेत आणि बरे आहेत, पण ते विमानतळावर आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याची नागरी विमान वाहतूक आवश्यकता म्हणून नियमावली आहे, त्यातला विभाग ३, मालिका एम. त्याचा भाग २ परताव्याबद्दल, भाग ४ रद्द उड्डाणं, उशीर आणि बोर्डिंग नाकारण्याबद्दल.

भाग २ मध्ये स्पष्ट आहे की परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हा हक्क प्रवाशाचा. कंपनीने ती आपली नेहमीची पद्धत म्हणून लादायची नाही. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर रद्द झाल्यापासून ७ दिवसांत परतावा.

भाग ४ तुमच्या कामाचा. दोन आठवडे आधी कळवलं तर पर्यायी विमान किंवा परतावा, तुमच्या मर्जीने. दोन आठवड्यांच्या आत पण २४ तासांपेक्षा आधी कळवलं तरी तेच. तुम्हाला कळवलं किती आधी? रात्री ११:४० ते सकाळी ७:२०, म्हणजे पावणेआठ तास. इथे परताव्याच्या वर भरपाई येते. उड्डाणाचा ठरलेला वेळ एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००.

इंदूर-पुणे सव्वा तासाच्या आसपास. म्हणजे ७,५०० ची पायरी.

पोहे_जिरावण | मंगळवार, सकाळी ६:३४

७,५०० × ४ = ३०,०००! रामबागवाले, पार्टी छप्पन दुकानला की सराफ्यात?

निवृत्त_बाबू | मंगळवार, सकाळी ६:४१

थांबा. पुढचं वाक्य वाचलं नाहीत. ‘किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते.’ सगळा जीव त्या ‘जे कमी’मध्ये आहे. रामबागवाले, तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन मिळून किती?

रामबागवाला | मंगळवार, सकाळी ८:१५

आत्ता काढून बघितलं. माणशी ३,४८०.

निवृत्त_बाबू | मंगळवार, सकाळी ८:२२

मग ३,४८० गुणिले चार, १३,९२०. तेही कारण त्यांच्या हाताबाहेरचं नसेल तरच. हवामान, हवाई नियंत्रण, संप, सुरक्षेचा प्रश्न, पूर, सरकारी आदेश अशी यादी आहे, त्यात बसलं तर भरपाई नाही. परतावा मात्र तरीही द्यावाच लागतो, हे लोक विसरतात. धुकं पडलं म्हणून तुमचे तिकिटाचे पैसे धुक्यात जात नाहीत.

लोहगावकर | मंगळवार, सकाळी ९:०३

चार हजारांचं तिकीट काढायचं आणि महाराजांसारखी वागणूक हवी. स्वस्त विमान म्हणजे एसटी आहे, फक्त पंखवाली. मी तर मुंजीसारख्या कार्याला एक दिवस आधीच निघतो.

रामबागवाला | मंगळवार, सकाळी ९:१०

मीही एक दिवस आधीच निघालो होतो की हो.

सुदामानगरची_सून | मंगळवार, सकाळी ९:२८

लोहगावकर, एसटी रद्द झाली तर एसटी पैसे खिडकीवर परत देते. हातात शंख ठेवत नाही.

आडा_बाजार | मंगळवार, सकाळी ९:४५

रेल्वेचं तर त्याहून बरं. गाडी रद्द झाली की ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात, टीडीआर म्हणजे परताव्याचा अर्जही भरायला लागत नाही. वर्षानुवर्षं चाललंय. जे रेल्वेला जमतं ते ॲपवाल्यांना जमत नाही असं कसं? जमतं. करायचं नसतं.

बडोदेकर_काका | मंगळवार, सकाळी १०:२०

इंदूर-पुणे गाडीनेच जायचं होतं ना. उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घालते, पण आमच्या स्टेशनवर तरी भेटला असता. शेव-उसळ घेऊन उभा राहिलो असतो.

आडा_बाजार | मंगळवार, सकाळी १०:३१

काका, त्या वळशामुळेच तर लोक विमान धरतात. इंदूरहून पुण्याला जायचं म्हणजे आधी गुजरात दर्शन. इंदूर-मनमाड नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे, ३०९ किलोमीटर, खर्च १८ हजार कोटींच्या वर. तो झाला की बघू. माझ्या आजोबांच्या काळापासून ‘आता होणारच’ ऐकतोय.

सराफा_बारा_वाजता | मंगळवार, सकाळी ११:१४

मूळ मुद्द्यावर: भिया, पैसे वापस भेटले का कोणाला, शेलमधून? माझे पण अडकले आहेत ६ हजार.

लोहगावकर | मंगळवार, सकाळी ११:१९

‘पैसे वापस भेटले’ नाही हो. पैसे परत मिळतात. भेटतात ती माणसं.

सराफा_बारा_वाजता | मंगळवार, सकाळी ११:२३

तुमचे मिळतात, आमचे भेटत पण नाहीत.

पोहे_जिरावण | मंगळवार, सकाळी ११:२४

😂😂 लोहगावकर, होळकरांच्या गावात असंच बोलतात. दोनशे वर्षं झाली, अजून कोणाचं काही अडलेलं नाही.

मालवी_मावशी | मंगळवार, सकाळी ११:४०

माझी सासूबाई ‘नळाला पाणी येऊन राहिलं’ म्हणायची, तिचं माहेर सदाशिव पेठेतलं. इंदूरला येऊन दोन वर्षांत तिची भाषा पिकली. असो. मुलांनो, पैशाचं बोला.

विंडोसीट | मंगळवार, दुपारी १:०२

मी या धंद्यात होते. सहा वर्षं इंदूरच्या विमानतळावर काउंटरला, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूचं सांगते. कंपनीची बाजू घेत नाहीये, आधीच सांगते.

काउंटरवरची मुलं बहुतेकदा कंपनीची नसतातच, ग्राउंड हँडलिंगच्या एजन्सीची असतात. स्क्रीनवर त्यांना ‘ऑपरेशनल’ एवढाच शब्द दिसतो. परताव्याचं बटण त्यांच्याकडे नसतं. मला एका गृहस्थांनी पाण्याची बाटली फेकून मारली होती, पगार तेव्हा तेरा हजार. त्या मुलांवर ओरडून पैसे मिळत नाहीत.

आता विमान का रद्द होतं. स्वस्त कंपनीचं गणितच असं की एक विमान दिवसभर गावोगाव फिरत राहतं, मध्ये श्वास घ्यायला अर्धा तास. सकाळी एका गावी चाळीस मिनिटं गेली की ती संध्याकाळपर्यंत तीन तास होतात. मग रात्री शेवटच्या फेरीत पायलटची ड्युटी संपते किंवा विमान भलत्याच गावी मुक्कामाला राहतं. सकाळी ७:२०चं विमान जे इंदूरला उभं असायला हवं होतं ते आलेलंच नसतं. म्हणून मेसेज रात्री पावणेबाराला. त्यांना बहुधा नऊ-साडेनऊलाच अंदाज असतो.

जास्त विमानं हाताशी ठेवली तर हे टळतं. पण उभं विमान म्हणजे खर्च, आणि तुमचं तिकीट चार हजारांत कसं बसणार?

कामाच्या गोष्टी दोन. एक, विमानतळावर असाल तर रद्द झाल्याचं पत्र मागा, कारणासकट. मागितलं की देतात, ईमेलनेही येतं. पुढे कारण बदललं तर हेच पत्र कामाला येतं. दोन, उशीर होत असेल आणि उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल तर दोन तासांनंतर खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांच्या वर उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. मागणाऱ्याला मिळतं. गप्प बसणाऱ्याला सँडविचही नाही.

रामबागवाला | मंगळवार, दुपारी १:३०

विंडोसीट ताई, हे फार उपयोगाचं. माझ्याकडे मेसेज आहे, पत्र नाही. आता मागता येईल?

विंडोसीट | मंगळवार, दुपारी १:४१

येईल. ईमेलवर मागा, पीएनआर आणि तारीख लिहून. फोनवर मागू नका, फोनवरचं बोलणं हवेत जातं.

सुदामानगरची_सून | मंगळवार, दुपारी २:१५

माझं वेगळंच झालं होतं. सासऱ्यांनी चौकातल्या एजंटकडून तिकीट काढलं. एजंटाने बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला गेला, तो साखरपुड्यात. आम्ही पहाटे पाचला विमानतळावर, काउंटर बंद, दिवे बंद, बाहेर एक कुत्रं झोपलेलं.

कंपनीने भरपाई नाकारली. आम्ही कळवलं होतं म्हणे, दिलेल्या नंबरवर.

निवृत्त_बाबू | मंगळवार, दुपारी २:३२

आणि दुर्दैवाने नियम इथे त्यांच्या बाजूला झुकतो. बुकिंग करताना प्रवाशाने पुरेसा संपर्क दिला नसेल तर भरपाई देय नाही असं भाग ४ मध्येच आहे. म्हणून एजंटाकडून तिकीट घ्या, पण पीएनआर मिळाला की कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आपला नंबर आणि ईमेल आपल्या हाताने टाका. परताव्याची गोष्ट वेगळी. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाचा परतावाही शेवटी कंपनीचीच जबाबदारी, कारण एजंट तिचा प्रतिनिधी. ‘एजंटाला विचारा’ हे उत्तर चालत नाही.

आडा_बाजार | मंगळवार, दुपारी २:५०

चालत नाही, पण तेच देतात. माझं पोर्टलवरून होतं. कंपनी म्हणे आम्ही पोर्टलला पाठवले, पोर्टल म्हणे आम्हाला आले नाहीत. तीन महिने मी मधे पिंगपाँगचा चेंडू. शेवटी कंपनीकडून परताव्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक लेखी घेतला, तो पोर्टलच्या तोंडावर मारला, चार दिवसांत पैसे.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ४:०५

याच्यात थोडी भर. कंपनी ‘रिफंड प्रोसेस्ड’ म्हणाली आणि खात्यात काही दिसत नसेल तर वाद घालण्याऐवजी त्यांच्याकडे क्रमांक मागा. कार्डचा व्यवहार असेल तर एआरएन, यूपीआय असेल तर आरआरएन. कंपनीने खरंच पाठवले असतील तर हा क्रमांक असतोच. तो घेऊन बँकेत जा, बँक शोधून देते पैसे कुठे आहेत. क्रमांक देता येत नसेल तर समजा पाठवलेलेच नाहीत. बरेचदा पैसे क्रेडिट कार्डच्या बाकीत वळते होऊन बसलेले असतात आणि आपण बचत खातं बघत असतो. मी स्वतः दोन आठवडे शिव्या दिल्यावर हा शोध लागला.

आणि क्रेडिट कार्ड असेल तर बँकेकडे चार्जबॅकही मागता येतो, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत ओढणं, सेवा मिळाली नाही या कारणाने. पण त्याला मुदत असते, लवकर करा.

रामबागवाला | मंगळवार, दुपारी ४:२०

डेबिट कार्ड होतं, बायकोचं.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ४:२६

डेबिटलाही वाद नोंदवता येतो, बँकेला विचारा. शेल स्वीकारल्याचा पुरावा कंपनी दाखवेल, तेवढं लक्षात ठेवा.

सराफा_बारा_वाजता | मंगळवार, संध्या. ५:११

मी तर गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, लगेच उचलला एकाने. फार सभ्य माणूस. म्हणे एक ॲप टाका, स्क्रीन दिसू द्या, लगेच रिफंड करतो.

मालवी_मावशी | मंगळवार, संध्या. ५:१३

टाकलं नाहीस ना रे??

सराफा_बारा_वाजता | मंगळवार, संध्या. ५:२०

मी नाही मावशी. माझ्या काकांनी टाकलं, मागच्या वर्षी, याच प्रकारात. ४८ हजार गेले. परतावा होता ३,९००. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मला सभ्य आवाज ऐकूनच संशय आला, खऱ्या कॉल सेंटरला इतकं सभ्य कोण असतं.

आकडेमोड | मंगळवार, संध्या. ५:३४

हसण्यावारी नेऊ नका कोणी. नंबर फक्त तिकिटाच्या पीडीएफवरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. असं काही झालंच तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितका लवकर फोन तितकी पैसे मधेच गोठवण्याची शक्यता जास्त.

चालक | मंगळवार, संध्या. ६:००

दोन प्रतिसादांतून कंपन्यांची नावं काढली आहेत. स्वतःचा अनुभव लिहा, नाव नको. आणि ‘भेटले-मिळाले’साठी वेगळा धागा काढा, चार वर्षांपूर्वीचा एक अजून चालू आहे.

हायकोर्टासमोरचा | मंगळवार, रात्री ९:१७

उशिरा आलो. मी हे शेवटपर्यंत नेलंय म्हणून लिहितो.

२०२२ मधली गोष्ट. दोन तिकिटं, रद्द, परतावा अर्धा, भरपाई शून्य. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाला, ईमेल, मग अपील अधिकाऱ्याला. दोघांची नावं-पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असावे लागतात, तळाशी बारीक अक्षरात सापडतात. मग एअरसेवावर तक्रार. हे मंत्रालयाचं पोर्टल, २०१६ पासून आहे. तिथे तक्रार टाकली की ती कंपनीकडेच जाते, पण वर कोणीतरी बघतंय या जाणिवेने हलतात. मला तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा नाव सांगणाऱ्या माणसाचा फोन आला. परतावा पूर्ण झाला. भरपाईला मात्र ‘ऑपरेशनल’ म्हणून नकार.

मग इंदूरच्या जिल्हा उपभोक्ता आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची मोठी सोय अशी की तक्रार आपण राहतो तिथे करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर चंद्रावर. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. ऑनलाइन भरता येते. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं.

लागले चौदा महिने. सात तारखा, त्यातल्या चार तारखांना त्यांचा वकील आलाच नाही. शेवटी भरपाई मिळाली, वर मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे काही हजार. त्या पैशांत मी काय केलं विचाराल तर पुण्याची दोन तिकिटं काढली. त्याच कंपनीची. स्वस्त होती.

पोहे_जिरावण | मंगळवार, रात्री ९:२१

शेवटच्या दोन वाक्यांनी काळीज चिरलंत साहेब.

लोहगावकर | मंगळवार, रात्री ९:४०

हेच मी सकाळी सांगत होतो. चौदा महिने, साडेतीन हजारांसाठी. एका सुट्टीचा पगार त्याहून जास्त होतो.

हायकोर्टासमोरचा | मंगळवार, रात्री ९:५८

कंपनी याच हिशेबावर चालते लोहगावकर. शंभरातले दोन जण येणार हे तिला पक्कं माहीत असतं.

चौदा महिने नको असतील तर स्थायी लोक अदालत बघा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या लोकोपयोगी सेवांच्या यादीत हवाई वाहतूक आहे. शुल्क नाही, आधी समेट घडवायचा प्रयत्न करतात, नाही झाला तर निर्णयही देऊ शकतात. लोकांना वीजबिलासाठी माहीत असतं, विमानासाठी कोणी जात नाही.

विंडोसीट | मंगळवार, रात्री १०:१२

सर, ‘ऑपरेशनल’ या शब्दावर आयोगात काय झालं? तो शब्द अपवादांच्या यादीत नाही ना?

हायकोर्टासमोरचा | मंगळवार, रात्री १०:२०

तिथेच तर त्यांचं अडलं. आयोगाने विचारलं ऑपरेशनल म्हणजे नेमकं काय, कागद दाखवा. हाताबाहेरचं कारण होतं हे त्यांनी सिद्ध करायचं, मी नाही. त्यांनी कागद आणलाच नाही.

निवृत्त_बाबू | बुधवार, सकाळी ६:१०

इतिहास म्हणून एक. हा शेल प्रकार घराघरांत पोचला लॉकडाऊनमध्ये. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत उड्डाणं दोन महिने बंद होती, पैसे सगळ्यांचे अडकलेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १ ऑक्टोबर २०२० ला निकाल. ज्या कंपन्या अडचणीत होत्या त्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत शेलची मुभा दिली, पण त्यावर दरमहा वाढ द्यायला लावली: जून २०२० पर्यंत अर्धा टक्का, नंतर पाऊण टक्का. आणि तोपर्यंत वापरला नाही तर पैसे परत. ती साथीच्या काळातली सवलत होती. साथ गेली, सवय राहिली.

आडा_बाजार | बुधवार, सकाळी ९:०५

मनात आणलं तर होतं, याचा पुरावा डिसेंबर २०२५. पायलटांच्या ड्युटी-विश्रांतीच्या नव्या नियमांवरून घोळ होऊन देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा मंत्रालयाने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परतावे द्या म्हणून सांगितलं. तेव्हा कोट्यवधी रुपये काही दिवसांत सुटले. ‘प्रक्रिया चालू आहे, सात ते दहा दिवस’ ही टेप तेव्हा कुठे गेली होती?

बडोदेकर_काका | बुधवार, सकाळी ९:३०

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

रामबागवाला | बुधवार, दुपारी १२:४५

सगळ्यांचं वाचून काल रात्री ईमेल लिहिला. नोडल अधिकाऱ्याचा पत्ता खरोखरच तळाशी बारीक अक्षरात होता. तीन मुद्दे लिहिले: शेल लादलेला आहे, बटणांचा आकार पाहा, स्क्रीनशॉट जोडला (बायकोने त्या रात्री मावशीला दाखवायला म्हणून काढला होता, देव तिचं भलं करो). सीट आणि सुविधा शुल्कासह पूर्ण २१,६४०. आणि भरपाई १३,९२०, नाहीतर अपवादाचं कारण लेखी द्या. टॅक्सीचा उल्लेखही केला, बिल जोडलं.

निवृत्त_बाबू | बुधवार, दुपारी १:००

उत्तम. टॅक्सीचे पैसे कंपनी देणार नाही, ते आयोगापुढे नुकसान म्हणून मागावे लागतात. पण बिल जपून ठेवा.

लोहगावकर | बुधवार, दुपारी १:१४

स्क्रीनशॉट चांगला केलात. हे मान्य.

पोहे_जिरावण | बुधवार, दुपारी १:१५

लोहगावकरांनी मान्य केलं! हा प्रतिसाद फ्रेम करा.

रामबागवाला | पुढच्या सोमवारी, रात्री ८:५०

अपडेट. दोन दिवस शांतता. मग एअरसेवावर तक्रार टाकली. शुक्रवारी फोन आला, बाई मराठीत बोलल्या, नागपूरच्या होत्या. शनिवारी शेल रिकामा झाला. आज खात्यात १९,०४० आले, आणि एका तासाने वेगळे १,२००. सुविधा शुल्काचे १,४०० अजून नाहीत. विचारलं तर म्हणे ‘ते धोरणात बसत नाही’. भरपाईवर उत्तर: ‘कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचं होतं.’ कुठलं कारण ते लिहिलेलं नाही.

हायकोर्टासमोरचा | सोमवार, रात्री ९:०६

अभिनंदन. कारण लिहिलेलं नाही हेच तुमचं भांडवल. आता दोन ओळींचा ईमेल, ‘नेमकं कारण आणि त्याचा कागद द्या, पंधरा दिवसांत’. नाही आला की लोक अदालतीचा अर्ज मी लिहून देतो. रविवारी सकाळी राजवाड्यावर या, पोहे तुमचे.

मालवी_मावशी | सोमवार, रात्री ९:१५

आणि आईला घेऊन या. मी पण येते.

सराफा_बारा_वाजता | सोमवार, रात्री ९:३०

माझे ६ हजार पण ‘मिळाले’. लोहगावकर, वाचताय ना.

नवीन_सदस्य_खंडवारोड | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. उद्या सकाळचं इंदूर-हैदराबाद आत्ता रद्द झालं. मेसेजमध्ये हिरवं बटण आहे, ‘क्रेडिट शेल’. परीक्षा आहे माझी परवा. हेच दाबायचं ना?

विंडोसीट | सोमवार, रात्री ११:५३

दाबू नका!!! आधी स्क्रीनशॉट. मग खाली बारीक अक्षरात ‘इतर पर्याय’ असेल ते उघडा. परीक्षेला पोचायचं असेल तर पर्यायी विमान बघा, दिल्ली किंवा मुंबईवरून. नाही जमलं तर परतावा.

नवीन_सदस्य_खंडवारोड | सोमवार, रात्री ११:५६

स्क्रीनशॉट घेतला. खाली खरंच आहे काहीतरी, झूम करून दिसतंय. मुंबईवरून एक दाखवतंय, संध्याकाळी पोचणारं.

पोहे_जिरावण | सोमवार, रात्री ११:५७

घ्या ते. आणि मोबाइल नंबर तुमचाच आहे ना बुकिंगमध्ये, ते बघा.